मॉन्टगोमेरीचे ३८१ दिवस आणि गिल्मोरबाईंचं स्वयंपाकघर

बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ला अटक झाली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यानंतर ३८१ दिवस अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टिकवला कसा? मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

अटकेच्याच रात्री प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी कॉलेजात बहिष्काराची हजारो पत्रकं छापली. मग लोकांची ने-आण करायला खासगी गाड्यांची फळी उभी राहिली. पेट्रोलला पैसा हवा, तर जॉर्जिया गिल्मोर आणि त्यांच्या मैत्रिणी चिकन सँडविच, केक, पाय करून विकायच्या आणि कमाई बहिष्काराच्या सभेत जमा करायच्या. बाकीच्या जणींची नावं गुप्त, कारण कळलं तर गोऱ्यांकडची कामं सुटायची. (गिल्मोरबाईंची नोकरी गेलीच. मग त्यांनी घरातूनच जेवण विकायला सुरुवात केली!)

जानेवारी १९५६मध्ये बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. फेब्रुवारीत पुढाऱ्यांवर खटले भरले, तेव्हा अनेक जण अटकेची वाट न बघता स्वतःहून हजर झाले. इतकी बेडर माणसं!

शेवटी बसमधला भेदभाव कायद्याने संपवला तो ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या खटल्याने. त्यातल्या वादींमध्ये क्लॉडेट कोल्विनही होती. पार्क्स यांच्याही आधी, मार्च १९५५मध्ये, तिने बसमधली जागा सोडायला नकार दिला, तेव्हा ती अवघी १५ वर्षांची होती.