शस्त्रवहन, परवानाधारकाचे

शस्त्रवहन, परवानाधारकाचे : परवान्याने बाळगलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर व त्याची काडतुसे घराबाहेर, विशेषतः खाजगी मोटारीतून, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कायदेशीर रीतीने नेणे. भारतात अग्निशस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नसून ती राज्यसंस्थेने अटींवर दिलेली मुभा आहे. शस्त्र घरात असेतोवर या अटींची आठवण सहसा होत नाही. ते मोटारीत ठेवून प्रवास सुरू केला, की परवान्याचे क्षेत्र, शस्त्रावरील ताबा, त्याची सुरक्षितता व तपासणी असे सर्वच प्रश्न एकदम उपस्थित होतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १८५७ च्या उठावानंतर एतद्देशीयांना निःशस्त्र करण्याचे धोरण ब्रिटिश सरकारने अवलंबिले. लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत संमत झालेल्या १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने हिंदी माणसास शस्त्रासाठी परवाना आवश्यक ठरला. यूरोपीयांना मात्र सवलत मिळाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे जिल्ह्यात सशस्त्र उठाव केला. त्यांच्या सुरुवातीच्या दरोड्यांपैकी एक शिरूर तालुक्यातील धामारी येथे पडला. या भेदभावाविरुद्धची नाराजी राष्ट्रीय चळवळीत व्यक्त होत राहिली आणि नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांविषयीच्या ठरावात समाविष्ट झाला. स्वतंत्र भारताच्या संविधानात मात्र असा हक्क नाही. अनुच्छेद १९ मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य तेवढे आहे. शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय सातव्या अनुसूचीतील संघसूचीत येतो.

प्रचलित कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या शस्त्र नियमांनी घेतली आणि २०१९ मध्ये अधिनियमात महत्त्वाची दुरुस्ती झाली. कलम ३ अन्वये अग्निशस्त्र किंवा दारूगोळा संपादन करणे, कब्जात ठेवणे व बाळगून फिरणे यांसाठी परवाना लागतो. येथे ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे; शस्त्र जवळ नसताना केवळ काडतूस बाळगण्यासही परवाना हवाच. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या ३ वरून २ वर आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षांवर नेण्यात आली. २१ वर्षांखालील व्यक्तीस सर्वसाधारणपणे अग्निशस्त्र बाळगता येत नाही.

सामान्य नागरिकास ‘अनिषिद्ध’ वर्गातील शस्त्रच मिळू शकते. हातात मावणाऱ्या शस्त्रांपैकी ०·३२ इंची रिव्हॉल्व्हर व पिस्तूल या वर्गात मोडतात, ९ मिमी. पिस्तूल निषिद्ध बोअरचे मानले जाते. अशा रिव्हॉल्व्हरांचे उत्पादन कानपूर येथील सरकारी कारखान्यात होते, तर १८६९ मध्ये स्थापन झालेला पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना काडतुसांसाठी प्रसिद्ध आहे.

परवान्याचे क्षेत्र : परवाना कोणत्या प्रदेशात ग्राह्य आहे, हे त्यावरच नमूद केलेले असते. हे क्षेत्र एक जिल्हा, संपूर्ण राज्य किंवा त्याहून विस्तृत असू शकते. त्याबाहेर शस्त्र नेल्यास परवान्याच्या अटीचा भंग होतो. म्हणून प्रवासापूर्वी क्षेत्रवाढ किंवा प्रवासापुरती अनुज्ञा घ्यावी लागते. शस्त्र पोलिसांच्या नजरेस पडले नाही, तरी या आवश्यकतेत फरक पडत नाही.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या उदाहरणावरून ही अट किती व्यावहारिक आहे, हे ध्यानात येते. दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असून तेथील रहिवाशांसाठी परवाना देणारा प्राधिकारी जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी हा आहे. पुणे शहर व पिंपरी-चिंचवड येथे हे काम पोलीस आयुक्तांकडे असते. शिरूर ऊर्फ घोडनदी हे घोड नदीच्या काठी, तर दौंड हे भीमेच्या काठी वसलेले आहे आणि दोन्ही ठिकाणी नदीचा पूल ओलांडला, की अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा लागतो. शिरूरहून न्हावरा, पारगाव, केडगाव-चौफुला व पाटस या मार्गाने दौंडला जाणारा प्रवासी पुणे जिल्ह्यातच राहतो. तोच श्रीगोंदे तालुक्यातून काष्टीमार्गे गेला, तर वाटेत दुसऱ्या जिल्ह्यातून जातो. निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण एकाच जिल्ह्यात असूनही, केवळ पुणे जिल्ह्यापुरता परवाना असणाऱ्यास दुसरा मार्ग वर्ज्य ठरतो. अष्टविनायकांपैकी रांजणगाव हे शिरूर तालुक्यात आहे. परंतु दौंडहून सहज जाता येणारे सिद्धटेक हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात मोडते. शिवाय विशेष अनुज्ञेवाचून जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा किंवा शिक्षणसंस्थेचे आवार येथे शस्त्र नेऊ नये, अशी परवान्याची अट असल्याने यात्रेच्या दिवशी क्षेत्राचा परवानाही पुरेसा ठरत नाही.

नेण्याची रीत : २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे असल्यास ते अंगावर बांधलेल्या म्यानात (होल्स्टरमध्ये) किंवा तत्सम पिशवीत असावे, पूर्णपणे झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असावे. शस्त्र उघड मिरविणे किंवा परजणे यास मनाई आहे. मोटार खाजगी असली, तरी ती ज्या रस्त्यावरून धावते तो सार्वजनिकच असतो. म्हणून समोरच्या फळीवर किंवा आसनावर शस्त्र उघडे ठेवणे नियमाच्या उद्देशाशी विसंगत आहे. ते मोटारीत ठेवून ढाब्यावर जेवावयास जाणे अधिकच धोक्याचे. कारण तेथे नियंत्रण उरत नाही. मोटारीचा कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे. शस्त्र चोरीस गेल्यास किंवा हरवल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात तत्काळ कळविणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे.

स्वसंरक्षणाचे तातडीचे कारण नसेल, तर प्रवासात शस्त्र रिकामे व काडतुसे निराळ्या कुलूपबंद डब्यात ठेवणे सर्वांत सुरक्षित होय. जुन्या धाटणीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसाच्या टिकलीवर टेकलेला असतो आणि शस्त्र खाली पडल्यास किंवा घोड्यावर आघात झाल्यास गोळी सुटू शकते. त्यामुळे घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवण्याचा प्रघात पडला. पिस्तुलाच्या बाबतीत काडतूसपेटी काढल्यावरही नळीच्या मागील कक्षात एक काडतूस राहून जाण्याचा संभव असतो. म्हणून आधी पेटी काढून नंतर कक्ष डोळ्यांनी पाहणे आवश्यक असते. काडतुसांची संख्या परवान्यावर नमूद केलेल्या मर्यादेपेक्षा अधिक असता कामा नये.

कब्जा व सहप्रवासी : परवाना हा व्यक्तीस व त्यात वर्णन केलेल्या शस्त्रास असतो, कुटुंबास किंवा मोटारीस नव्हे. कलम ३ च्या परंतुकानुसार परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसऱ्या व्यक्तीस दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्या उपयोगासाठी शस्त्र नेता येते. मालक शस्त्र गाडीत विसरून उतरला आणि चालक ते जाणूनबुजून घेऊन पुढे गेला, तर चालकाच्या कब्जाचा प्रश्न उद्भवतो. कब्जा म्हणजे केवळ शरीराजवळ असणे नव्हे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कब्जात जाणीव अभिप्रेत असल्याचे, तसेच वस्तू दुसऱ्याच्या हाती असूनही तिच्यावरील नियंत्रणामुळे कब्जा राहू शकतो, हे स्पष्ट केले. जाणीवपूर्वक कब्जाचे हे तत्त्व १९९४ मध्ये संजय दत्त खटल्यातील घटनापीठाच्या निर्णयातही मान्य झाले. पिशवीच्या तळाशी नकळत राहिलेल्या एखाद्या काडतुसाबाबत याच तत्त्वाचा आधार घेतला जातो. तथापि तो बचाव न्यायालयात मांडावा लागतो, नाक्यावर नव्हे.

तपासणी व शिक्षा : कलम १९ अन्वये शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस अधिकारी परवाना दाखविण्याची मागणी करू शकतो आणि तो न दाखविल्यास शस्त्र जप्त करू शकतो, म्हणून परवाना शस्त्राबरोबर असणे इष्ट. कलम २० याहून व्यापक आहे : परवाना असूनही बेकायदेशीर हेतूचा सबळ संशय येईल अशा रीतीने शस्त्र नेले जात असेल, तर अधिपत्राशिवाय अटक होऊ शकते आणि हा अधिकार वाहनावर काम करणाऱ्या व्यक्तीसही दिलेला आहे.

अटींचा भंग केल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुळात परवानाच नसेल, तर कलम २५ लागू होते व त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षे कैद व दंड सांगितला आहे. कलम ३ खालील अशा खटल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वसंमती लागते. नूतनीकरणाविना मुदत संपलेला परवाना धारकास या दुसऱ्या वर्गाकडे ढकलतो. कलम २१ नुसार असे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे आवश्यक असते. लग्नसमारंभात किंवा मिरवणुकीत निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा २०१९ पासून विहित आहेत.

तात्पुरते निर्बंध : वर्षभर वैध असलेले शस्त्रवहन काही दिवसांपुरते अवैध ठरू शकते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली काढलेल्या मनाई आदेशांत शस्त्रे घेऊन फिरण्यास बंदी घालता येते. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार परवानाधारकांस शस्त्रे पोलिसांकडे जमा करावी लागतात व निवडणुकीनंतर ती परत मिळतात. शस्त्रासह प्रवासास निघण्यापूर्वी मार्गावरील प्रत्येक जिल्ह्यात असा आदेश लागू आहे किंवा नाही, हे संबंधित पोलीस ठाण्यात विचारून घेणे योग्य ठरते; शिरूर व दौंड यांसारख्या सीमेवरील गावांच्या बाबतीत ही चौकशी दोन्ही जिल्ह्यांत करावी लागते.