कामावरची सायकल पाचगणीच्या घाटात

आपल्या घरांत सायकल ही कधी हौसेची वस्तू नव्हती. पहिल्या पाळीला भोंग्याच्या आत गेटवर पोहोचविणारी, कॅरिअरला डबा अडकवून आणि दांडीवर पोर बसवून नेणारी, रेशनच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत साथ देणारी ती घरातली एक कमावती व्यक्तीच होती. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. त्या नावात कारखान्याकडे, छापखान्याकडे आणि कचेरीकडे रोज पायडल मारणाऱ्या कष्टकऱ्यांचा मोठा वाटा होता.

पुढे हप्त्यावर मोटारसायकली आल्या आणि सायकल जिन्याखाली गेली. आता तीच सायकल बारीक टायर आणि गिअर लावून सुट्टीच्या दिवशी घाटात दिसते. ती पाहिली की आपली माणसे म्हणतात, "पोट भरलेल्यांचे चोचले!" वाचक बंधू-भगिनींनो, हा समज खरा आहे काय? डोंगरावर जाऊन दोन दिवस मोकळा श्वास घेणे हे फक्त गाडीवाल्यांचेच काम आहे काय?

तीन सुट्ट्या, चार मित्र

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, मग रविवार. ही संधी साधून आम्ही चौघांनी पुण्याहून वाई आणि तिथून पाचगणी सायकलने करायचे ठरविले. एक शिक्षक, एक टपाल खात्यातले, तिसरा मी कारकून आणि चौथे आमचे दादा.

दादा टर्नर. २७ वर्षे ते घरून कारखान्यात सायकलने गेले आणि सायकलनेच परत आले. मग एक दिवस कंपनीने हातावर स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. सायकल जिन्याखाली गेली आणि दादा घरात बसले. बोलणे कमी झाले. डॉक्टरांनी साखर सांगितली. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना कुठंतरी न्या. त्या सायकलीबरोबर हा माणूसही गंजायला लागलाय."

वस्तीत बातमी पसरली तेव्हा हसणारेही भेटले. "या वयात घाट चढणार? एसटीला पैसे नाहीत का?" दादा काहीच बोलले नाहीत. त्यांनी सायकल बाहेर काढली, चेन रॉकेलने धुतली, ब्रेकचे रबर बदलले. गिअरची सायकल मागून आणतो म्हटले तर म्हणाले, "हीच नेईन. हिनंच घर चालवलंय."

पहिला दिवस

पहाटे पाचला कात्रजला जमलो आणि जुन्या घाटाने निघालो. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. शिरवळजवळ पोहोचलो तेव्हा एका शाळेत झेंडावंदनाची तयारी चालली होती. आम्ही सायकली कुंपणाला टेकवल्या आणि मुलांच्या मागे उभे राहिलो. मुलांनी संविधानाची उद्देशिका म्हटली. नंतर गुरुजींनी आम्हालाही पोरांच्या रांगेत जिलेबी दिली.

पुढे खंडाळा, खंबाटकीचा घाट, सुरूर फाटा आणि वाई. सुमारे ८५ किलोमीटर अंतर. दुपारी दोनला कृष्णेच्या काठी पोहोचलो. वाई म्हणजे मराठी विश्वकोशाचे गाव. चौघांत एक खोली घेतली, जेवलो आणि संध्याकाळपर्यंत ताणून दिली.

पसरणीचा घाट

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा होती. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. मधले अंतर १२ किलोमीटर. कारकुनी हिशेब केला तर शंभर मीटर पुढे गेले की पाच मीटर वर चढायचे. घाटाच्या पायथ्याला पसरणी गाव आहे. शाहीर साबळे यांचा जन्म इथलाच, १९२३ सालचा.

गिअरचा उपयोग काय, हे या घाटात कळते. साध्या सायकलला पुढे साधारण ४८ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ ६ मीटर जाते. सपाटीवर हे सोयीचे, पण चढावर पाय अडतो. गिअरच्या सायकलीत पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांची जोडी असली, तर एका फेऱ्यात ती जेमतेम सव्वादोन मीटर सरकते. म्हणजे पायावरचे ओझे फार हलके होते.

दादांची सायकल साधी. दुसऱ्या वळणावर ते उतरले आणि ढकलत चालू लागले. आम्हीही उतरलो. "तुम्ही व्हा पुढं, माझ्यासाठी थांबू नका," ते म्हणाले. शिक्षक मित्र म्हणाले, "दादा, आपण शर्यतीला आलोय का?" मग कधी पायडल मारत, कधी ढकलत, गप्पा मारत चौघे वर गेलो. खाली कृष्णेचे खोरे पसरत गेले. सायकल ढकलली म्हणून डोंगर काही ठेंगणा होत नाही आणि चढणाऱ्याची उंचीही कमी होत नाही.

टेबललँडच्या लाल जांभ्याच्या पठारावर बसून आम्ही भाकरी-चटणी खाल्ली. दादांनी विचारले, "तू बी.कॉम. ना? मग सांग, सत्तावीस वर्षांत मी किती सायकल चालवली असेल?" जाऊन-येऊन रोजचे १४ किलोमीटर, वर्षाचे कामाचे ३०० दिवस. उत्तर आले १ लाख १३ हजार ४०० किलोमीटर. पृथ्वीला जवळजवळ तीन फेरे! दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि आजचे हे बाराच माझे स्वतःचे."

हे आधीही घडले आहे

कष्टकऱ्यांनी सुट्टीला सायकलवर निघणे ही नवी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये 'क्लॅरियन' नावाचे कामगारांचे साप्ताहिक होते. त्याच्या वाचकांनी १८९४ साली बर्मिंगहॅम शहरात सायकल क्लब काढला. आठवडाभर कारखान्याच्या धुरात राबणारी ही माणसे सुट्टीला सायकलवरून रानावनात जात, वाटेत साप्ताहिकाचे अंक वाटत. स्त्रियाही त्यात होत्या. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना पगारी सुट्टीचा हक्क कायद्याने मिळाला, तेव्हा कितीतरी जोडपी सायकलवरूनच समुद्र आणि डोंगर पाहायला निघाली. हक्काची सुट्टी मिळाली, तिचा उपभोगही त्यांनी हक्काने घेतला.

जाणार असाल तर

पहिल्याच वेळी ८५ किलोमीटर जाऊ नये. महिनाभर रोज थोडी सायकल चालवावी, मग २०, मग ४० किलोमीटर करावे. सीट फार खाली ठेवू नये, गुडघे दुखतात. पहाटे निघावे आणि उन्हाच्या आत मुक्काम गाठावा.

तहान लागण्याआधी पाणी, भूक लागण्याआधी खाणे. केळी, गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी पुरते. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच निघावे. श्रमाने रक्तातली साखर एकदम उतरू शकते, म्हणून खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी.

जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान जवळ हवेच. हेल्मेट आणि मागे लाल दिवा यांत काटकसर नको. रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागे एक चालावे. उतारावर ब्रेक सतत आवळून धरू नये, तापून कमजोर होतात. दोन्ही ब्रेक दाबत-सोडत, वेग हातात ठेवून उतरावे.

आमचा तीन दिवसांचा खर्च माणशी तेराशे रुपये झाला, त्यात खोलीच्या दोन रात्रींचा वाटाही आला.

रविवारी संध्याकाळी आम्ही परतलो. दादा आता रोज सकाळी सायकल काढतात. त्यांची धाकटी मुलगी कॉलेजात आहे; पुढच्या खेपेला मीही येणार, असे तिने बजावले आहे. तिला नाही म्हणण्याचे काही कारण आम्हा कोणालाही सापडले नाही.

तुमच्याही जिन्याखाली एखादी सायकल उभी असेल. तिने तुमच्यासाठी खूप ओढले आहे. तिला तेल द्या, हवा भरा, चार मित्र जमवा. घाट कुणाच्या मालकीचा नाही. वाट सर्वांची आहे.