लोकर, पाणी आणि टाका

कापड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माग उभा राहतो. उभ्या धाग्यांचा ताणा, आडव्या धाग्यांचा बाणा आणि त्यांची गुंफण म्हणजे कापड, अशीच आपली समजूत असते. परंतु माग नसतानाही कापड तयार होते. लोकरीचे तंतू पाण्याने भिजवून, साबण लावून, दाबून व लाटून एकजीव केले, की त्यांतून जाड आणि उबदार वस्त्र निर्माण होते. काश्मीरमध्ये आणि राजस्थानातील टोंक येथे त्याला नमदा म्हणतात. मराठीत अशा न विणलेल्या लोकरी वस्त्राला ‘बुरणूस’ हा जुना शब्द आहे. ही कला अतिशय प्राचीन आहे. मध्य आशियातील अल्ताय पर्वतात पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यांत दोन हजार वर्षांहून जुने नमदे सापडले असून ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात जतन केलेले आहेत.

लोकर पाण्यात घट्ट का होते, हे प्रथम समजून घेऊ. लोकरीचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्याच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे दिसतात. या सर्व खवल्यांची टोके तंतूच्या शेंड्याकडे वळलेली असतात. त्यामुळे तंतू एका दिशेने सहज सरकतो. उलट दिशेने मात्र अडतो. कोमट पाण्याने तंतू फुगतो व मऊ होतो. साबणाने तो निसरडा होतो. मग हाताने चोळले, की प्रत्येक तंतू थोडा पुढे सरकतो आणि शेजारच्या तंतूंत अडकून बसतो. त्याला मागे फिरता येत नाही. असे असंख्य तंतू एकमेकांत गुंतत गेले, की वस्त्र आकसते आणि घट्ट होते. गरम पाण्यात चोळून धुतलेला लोकरी स्वेटर आखूड का होतो, याचेही उत्तर हेच आहे. तेथे जे नुकसान ठरते, तेच नमद्यात कौशल्य ठरते. मात्र एकदा आकसलेली लोकर पूर्ववत होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता आपण कोलकात्याकडे वळू. बंगाल हा काही मेंढपाळांचा प्रदेश नव्हे. तेथील हवा दमट, थंडी अल्पकाळ टिकणारी. तेथील स्त्रियांनी उबेसाठी दुसरा मार्ग शोधला. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या आणि धोतरे एकावर एक पसरून त्यांनी धावदोऱ्याने शिवली. हीच बंगालची कांथा. आपल्याकडील गोधडीची किंवा वाकळेची ती बहीणच होय. शिवण्यासाठीचा रंगीत दोराही पुष्कळदा जुन्या साडीच्या काठांतून काढलेला असे. थंडीत पांघरण्याच्या जाड कांथेला ‘लेप’ म्हणतात. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने गावोगाव हिंडून अशा कांथा गोळा केल्या. कोलकात्याजवळील जोका येथील गुरुसदय संग्रहालय त्यांच्याच संग्रहातून उभे राहिले. कोलकाता विद्यापीठात १९३७ साली स्थापन झालेल्या आशुतोष संग्रहालयातही कांथांचा संग्रह आहे. पश्चिम बंगालच्या नक्षी कांथेला २००८ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली.

कांथेवरून हात फिरवला, तर एक गोष्ट जाणवते. तिचा पृष्ठभाग सपाट नसतो. ओळीने घातलेले बारीक टाके कापडाचे थर किंचित आवळतात आणि दोन टाक्यांमधील कापड उचलले जाते. त्यातून पाण्यावरील तरंगांसारखी नाजूक लहर निर्माण होते. म्हणजे येथे टाका केवळ जोडत नाही. तो पृष्ठभागाला आकार देतो. नमद्यात हे काम पाणी आणि घर्षण करतात, कांथेत ते सुई आणि दोरा करतात. या दोन पद्धती एकत्र आणल्या तर काय घडेल? हा प्रयोग घरीही करता येण्यासारखा आहे.

सुमारे पंचवीस ग्रॅम पिंजलेली बारीक लोकर घ्यावी. मादुरची चटई किंवा बांबूची बारीक चटई पसरून तीवर ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौरसात लोकरीचा पातळ थर द्यावा. त्यावर दुसरा थर आडव्या दिशेने द्यावा आणि असे चार थर रचावेत. दिशा बदलल्याने वस्त्र सर्व बाजूंनी सारखे बळकट होते. वर मच्छरदाणीचा तुकडा झाकून साबणाचे गरम पाणी शिंपडावे. पाणी हाताला सोसेल इतकेच गरम असावे. आधी तळव्याने हलके दाबावे, नंतर गोलाकार चोळावे. आरंभीच जोर लावला, तर थर विस्कटतात. चिमटीत धरून पाहता तंतू सुटे निघेनासे झाले, की जाळी काढावी, चटईची गुंडाळी करून ती पुढे-मागे लाटावी. ज्या दिशेने लाटावे, त्या दिशेने वस्त्र अधिक आकसते. म्हणून तुकडा वेळोवेळी फिरवून ठेवावा. साधारणपणे तो एक-तृतीयांशाने लहान होतो. तीस सेंटिमीटरचा चौरस वीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. हा हिशेब आधी करूनच माप ठरवावे.

आता टाक्यांचा विचार करू. टाका केव्हा घातला, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. लोकर अर्धवट घट्ट झालेली असताना सुती दोऱ्याने धावदोरा घातला आणि मग पुन्हा लाटले, तर लोकर आकसते. पण दोरा आकसत नाही. त्यामुळे जादा दोरा वर उचलला जाऊन त्याचे लहान लहान फासे दिसू लागतात. याच अवस्थेत लोकरीत गोट्या बांधून तुकडा लाटला आणि वाळल्यावर गोट्या काढल्या, तर तेथे फुगवटे कायम राहतात. याउलट नमदा पूर्ण घट्ट होऊन वाळल्यावर टाके घालून दोरा ओढला, तर मऊ पृष्ठभागावर दऱ्या आणि उंचवटे उमटतात. काश्मिरी नमद्यावर आरीने साखळी टाका घालतात, तो याच शेवटच्या टप्प्यावर.

तिसराही एक प्रयोग आहे. ऑस्ट्रेलियातील पॉली स्टर्लिंग यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी विरळ विणीच्या पातळ कापडावर लोकर पसरून दोन्ही एकत्र आकसवण्याची पद्धत विकसित केली. तिला ‘नुनो’ म्हणतात. जपानी भाषेत नुनो म्हणजे कापड. लोकरीचे तंतू विणीच्या छिद्रांतून पलीकडे जातात आणि आकसताना कापडालाही आपल्याबरोबर ओढतात. त्यामुळे कापडाला चुण्या पडतात. जुन्या मऊ तांताच्या साडीचा तुकडा या प्रयोगाला योग्य ठरतो. विण दाट असेल, तर मात्र तंतू पलीकडे जात नाहीत आणि लोकर सुटून येते.

काम संपल्यावर तुकडा स्वच्छ पाण्यात धुऊन साबण पूर्ण काढावा. दमट हवेत लोकर लवकर वाळत नाही, म्हणून कोलकात्यासारख्या शहरात हे काम पावसाळ्याऐवजी हिवाळ्यात करणे सोयीचे असते. कसर लागू नये, यासाठी वस्तू पूर्ण वाळवूनच ठेवावी.

कोलकात्यात लोकरीपेक्षा तागाचा संबंध जुना आहे. शहराच्या उत्तरेला रिश्रा येथे १८५५ साली हुगळीकाठी तागाची पहिली गिरणी निघाली. ताग पाण्यात चोळून नमदा होईल का? होत नाही, कारण तागाच्या तंतूला खवले नसतात. त्याचे न विणलेले कापड करायचे, तर काटेरी खाचांच्या असंख्य सुया यंत्राने थरांतून आरपार नेऊन तंतू गुंतवावे लागतात. तीव्र कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ताग बुडवला, तर तो कुरळा व लोकरीसारखा होतो आणि लोकरीत मिसळता येतो. हे रसायन त्वचा जाळणारे असल्याने ही प्रक्रिया घरी कदापि करू नये. तागासंबंधी असे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९३८ पासून कोलकात्यातच आहे.

या माहितीचा महाराष्ट्राशीही निकटचा संबंध आहे. आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ असते. धनगरांनी कातरलेल्या या लोकरीचे सूत काढून सणगर विणकर घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. घोंगडीची मागणी घटल्यामुळे आज ही लोकर अनेक ठिकाणी कातरणीचा खर्चही भरून देत नाही आणि फेकून द्यावी लागते. जाड लोकरीचे तंतू एकमेकांत कमी गुंततात. म्हणून केवळ तिचाच नाजूक नमदा होणार नाही. परंतु बारीक लोकरीच्या थरांमध्ये ती घातली आणि वरून टाक्यांनी बांधून घेतली, तर आसने, पायपुसणी आणि पिशव्यांना लागणारा जाडपणा तिच्यातून मिळू शकतो. येथे टाका शोभेपुरता राहत नाही. पाण्याने अपुरे सोडलेले काम तो पूर्ण करतो.

टाक्याची ही शक्ती माणसाच्या जीवनातही दिसते. कोलकात्यानजीकच्या सोनारपूर येथील प्रीतिकणा गोस्वामी यांच्यावर वडिलांच्या मृत्यूनंतर लहान वयातच घराचा भार पडला. सुईकाम करून त्यांनी तो उचलला. पुढे त्यांनी अनेक स्त्रियांना कांथा शिकवली. २००१ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

अर्थात प्रत्येक हाताला पुरस्कार मिळत नाही. कांथेच्या एका साडीला कित्येक महिने लागतात आणि कामाचा मोबदला पुष्कळदा नगावर ठरतो. म्हणून कारागिराने टाक्याइतकाच हिशेबही शिकला पाहिजे. किती लोकर लागली, वस्त्र किती आकसले, किती तास गेले, हे प्रत्येक तुकड्यासोबत वहीत लिहून ठेवावे. या नोंदींमुळे पुढचा तुकडा अधिक चांगला होतो आणि आपल्या श्रमाचे मोल सांगताना आपण अडखळत नाही.