समुद्रकांठचें विद्यार्थिजीवन

नातेपुत्याहून नात दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांत शिकावयास निघाली, तेव्हां घरांतील वडीलधारी मंडळी कचरली. "मुलगी इतक्या दूर एकटी कशी राहील?" मीं त्यांस दापोलीजवळच्याच, समुद्रकांठच्या मुरूडची गोष्ट सांगितली. १८७५ सालीं तेथील धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठीं पायीं साताऱ्यास गेले. वय लहान दिसतें म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्यांनींच पुढें १९१६ मध्यें महिला विद्यापीठ स्थापिलें. ज्या भूमींतून विद्येसाठीं बाहेर पडावें लागे, तेथें १९७२ पासून विद्यापीठ आहे.

परवां नातीचा दूरध्वनि आला : "आजोबा, पावसानें कपडे वाळत नाहींत, घरची आठवण येते, पण मीं बांधलेलें आंब्याचें कोयकलम जगलें!" तें ऐकून तिची आजी प्रथमच हंसली.