“सिव्हिलला न्या” ते कॅशलेस: तातडीच्या उपचारांच्या कायद्याचा मागोवा

“पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या.” अपघातातला जखमी खाजगी रुग्णालयाच्या दारात नेला की एके काळी हे हमखास ऐकू यायचं. डॉक्टरला नकार देण्याची मुभा आहे, असाच समज होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ साली एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं, पुण्यात उपचार सुरू असताना तो दगावला. त्यावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरची कर्तव्यं सांगितली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवतानाही काळजी घ्यायला हवी, हे त्यांतलं पहिलं. पण हाती घेतलाच नाही तर? याचं स्पष्ट उत्तर यायला आणखी एकवीस वर्षं लागली.

ते आलं परमानंद कटारा प्रकरणात, २८ ऑगस्ट १९८९ रोजी. गाडीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतलं नाही; पोलीस केस घेणारं रुग्णालय वीस किलोमीटरवर आहे, तिकडे जा म्हणाले. तो वाटेतच गेला. न्यायालयाने सांगितलं, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही हे कर्तव्य आलं.

मला मात्र १९९६ चा निकाल त्याहून मोलाचा वाटतो. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडला. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव. प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याला पुढे पाठवलं आणि मग कलकत्त्यातली एकेक सरकारी रुग्णालयं पालथी घालणं सुरू झालं. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. अखेर खाजगी रुग्णालयात पैसे भरून तो वाचला. इथे दोष कुणा एकाचा नव्हता; प्रत्येकाकडे नकाराचं कारण होतं आणि वेळ सगळ्यांनी मिळून घालवला होता. त्याच्या संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाने राज्य सरकारलाच जबाबदार धरलं. वेळेवर उपचार न मिळणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब त्यावर चालणार नाही, असं बजावून २५ हजार रुपयांची भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ होती. पण उशिराची किंमत सरकारने मोजायची, हे त्या दिवशी ठरलं.

खाजगी रुग्णालयांना दणका बसला तो ग्राहक आयोगाकडून. २००१ साली कोलकात्यात एका जखमी विद्यार्थ्यावर उपचार सुरू झाले आणि १५ हजारांच्या डिपॉझिटसाठी थांबवले गेले. दुसरीकडे नेताना तो गेला. २००५ मध्ये राष्ट्रीय आयोगाने १० लाखांची भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. श्वास कोंडलेल्या रुग्णाजवळ डॉक्टर वीस-पंचवीस मिनिटांनी पोचले आणि लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला. तरी डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द झाला. भरपाईची दिवाणी जबाबदारी रुग्णालयावर येऊ शकते, एवढंच म्हटलं. प्रत्येक मृत्यूसाठी डॉक्टरला गुन्हेगार ठरवू नये, हे मला पटतं. पण वेळेत हात लागला असता तर माणूस वाचला असता, हे सिद्ध करण्याचं ओझं नातेवाइकांवरच राहतं. हातात असते ती कॅज्युअल्टीच्या नोंदवहीतली वेळ. ती नोंद रुग्णालयाचीच, आणि खटला बरेचदा तिच्यावरच उभा राहतो किंवा कोसळतो.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून योजना लागू आहे. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करा, प्रकृती स्थिरावेपर्यंत उपचार द्या, अनामत मागू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तरीही २०२५ च्या वसंतात पुण्यात एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे धर्मादाय रुग्णालयाने लाखोंची अनामत मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे जुळ्या मुलींना जन्म देऊन ती आई गेली. पुणं पेटून उठलं, चौकशा बसल्या. नियम लिहून एकोणीस वर्षं झाली होती. त्याच्या अंमलाकडे रोजच्या रोज कुणी पाहायचं, हे मात्र कधी नीट ठरलंच नाही.

जखमीला उचलणाऱ्यालाच पोलीस छळतील ही भीती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यापुरती तरी दूर केली. त्याच दुरुस्तीत दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाची, ‘गोल्डन अवर’ची, व्याख्या आली आणि त्या तासातल्या कॅशलेस उपचारांची योजना करायला सरकारला बांधलं. योजना मात्र येईना. जानेवारी २०२५ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने मुदत घालून दिली, तेव्हा मे महिन्यात ती निघाली: सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. पैसे कोण देणार हे ठरल्याशिवाय दार उघडत नाही, हे उमगायला १९८९ पासून छत्तीस वर्षं गेली.

आणि ही योजना फक्त रस्ते अपघातांसाठी आहे. हृदयविकाराचा झटका, सर्पदंश, अडलेली बाळंतीण तिच्यात बसत नाही. विधी आयोगाने २००६ च्या २०१ व्या अहवालात अपघातग्रस्तांबरोबर प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या स्त्रियांनाही धरून कायद्याचा मसुदा करून दिला होता. तसा देशव्यापी कायदा अजून झालेला नाही.