मुखांतर्गत दाबाचे मापन आणि मापन-प्रवर्धकाची विश्वसनीयता

‘प’ आणि ‘ब’ या स्पर्शांचा उच्चार होताना बंद ओठांमागे हवेचा दाब साचतो. ‘ब’च्या वेळी स्वरतंतू कंप पावत असल्याने कंठद्वाराशी काही दाब खर्ची पडतो, म्हणून ‘प’चा मुखांतर्गत दाब सामान्यतः अधिक असतो. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या काही सेंटिमीटरांइतकाच असतो. तो मोजणाऱ्या विद्युत्‌मंडलाच्या रचनेत दोष राहिल्यास यंत्राचा गुण भाषेचा गुण म्हणून नोंदला जाण्याचा धोका संभवतो.

उदाहरणादाखल, चार रोधांच्या सेतूचा एक दाबमापक घेऊ. त्यास 5 व्होल्ट पुरविले असता 25 सेंटिमीटर दाबास तो 10 मिलिव्होल्ट देतो, म्हणजे 1 सेंटिमीटरास 0.4 मिलिव्होल्ट. परंतु सेतूची दोन्ही टोके मुळातच 2.5 व्होल्टांवर असतात. हा समाईक विभव वगळून केवळ फरक वाढविणे, हे मापन-प्रवर्धकाचे कार्य होय. त्याची समाईक-विभव-निरसनक्षमता 100 डेसिबेल असल्यास 2.5 व्होल्टांमुळे येणारी चूक 25 मायक्रोव्होल्ट, म्हणजे सेंटिमीटराच्या सोळाव्या भागाइतकी राहते. क्षमता 80 डेसिबेल असल्यास तीच दहापट होते.

मात्र उत्तम प्रवर्धक विकत घेतल्याने विश्वसनीयता आपोआप येत नाही. समजा, 5 व्होल्टांच्या एकेरी पुरवठ्यावर 1000 पट वाढ ठरविली. 8 सेंटिमीटर दाबाचे 3.2 मिलिव्होल्ट वाढून 3.2 व्होल्ट होतात. तीन प्रवर्धकांच्या रचनेत पहिल्या पायरीची दोन टोके त्या वेळी 2.5 व्होल्टांपासून 1.6 व्होल्ट वर व तितकीच खाली, म्हणजे 4.1 व 0.9 व्होल्टांवर जावयास हवीत. ती पुरवठ्याच्या मर्यादांपासून 1.2 व्होल्ट अलीकडेच अडत असतील, तर 6.5 सेंटिमीटरांवरील सर्व दाब एकाच उंचीचा दिसेल. निर्गमाशी फरक 2.6 व्होल्टच भरत असल्याने शंकाही येत नाही. स्पर्शाच्या अवरोधकाळी दाबाची रेषा स्वभावतःच सपाट होत असल्याने ही कापलेली रेषा खरी वाटते. 8 सेंटिमीटरांचा ‘प’ 6 सेंटिमीटरांच्या ‘ब’जवळ येऊन बसतो आणि भेद पुसट होतो. वाढ 200 पट ठेविल्यास तीच टोके 2.82 व 2.18 व्होल्टांवर राहतात. एडी620 या प्रवर्धकात 249 ओहमांचा रोध जोडून ही वाढ जवळजवळ नेमकी मिळते.

आणखी दोन गोष्टी अगत्याच्या आहेत. आगमाशी रेडिओलहरी अडविण्यासाठी गाळणी बसविताना दोन्ही तारांवरील रोध व जमिनीकडील धारित्रे तंतोतंत जुळती हवीत. अन्यथा विद्युत्‌पुरवठ्याची 50 हर्ट्‌झची गुणगुण समाईक न राहता फरकाचे रूप घेते. दोन तारांमधील धारित्र जमिनीकडील प्रत्येक धारित्राच्या निदान दसपट ठेविल्यास हा परिणाम पुष्कळ कमी होतो. तसेच संदर्भ-टोकास विभव द्यावयाचा तो अल्परोधी उगमातून द्यावा. रोधांच्या विभाजकातून सरळ दिल्यास आतील रोधांचा तोल ढळतो व निरसनक्षमता घटते.

अखेरची परीक्षा साधी आहे. ध्वनिमुद्रणाच्या आधी व नंतर पाण्याच्या यू-नळीने 0, 5, 10 व 15 सेंटिमीटर दाब देऊन वाचन घ्यावे. हे चार बिंदू एका सरळ रेषेत न आल्यास त्या दिवशीच्या नोंदींवरून ‘प’ व ‘ब’संबंधी कोणताही निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.