उलव्यातून कुलाब्याच्या किल्ल्याकडे : भरती-ओहोटीचा हिशेब

मंडळी, मागच्या वेळी प्रश्न आला होता की ग्रीस-इटलीच्या किनाऱ्याने लोक उन्हाळ्यात बेटं बघत फिरतात, तसं आपल्याला उलव्यातून निघून करता येईल का? येईल की! उरणवरून करंजा, तिथून लाँचने रेवस, पुढे अलिबाग, आणि समोर पाण्यात कुलाब्याचा किल्ला. महाराजांनी १६८० साली काम सुरू केलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं झालेला.

फरक एकच, पण मोठा. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीत अर्ध्या मीटरचाही फरक पडत नाही. आपल्याकडे उधाणाला तो साडेतीन-चार मीटर असतो. म्हणून कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं, आणि म्हणूनच माणसं अडकतात. आम्हीही एकदा कमरेएवढ्या पाण्यातून, पोरांना खांद्यावर घेऊन परतलो आहोत. चूक आमचीच, जेवण लांबवलं.

आता हिशेब. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, भरतीही तशीच सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे कोळी बांधवांचं जुनं गणित. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमारास. किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाला संकष्टीला जाणाऱ्यांची छान सोय!

अष्टमीला मात्र फसगत होते. ओहोटी भर दुपारी येते, वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा भांग असतो. पाणी हटतच नाही फारसं.

आणि परतीचं लक्षात ठेवा. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं, वाटतं अजून वेळ आहे. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने चढतं. म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं, नंतर तासाभरात परत फिरायचं. हे गणित ढोबळ आहे, निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघाच.

उशीर झालाच तर पाण्यात उतरू नका. होडी मिळते का बघा, नाहीतर गडावरच थांबा. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, पुढच्या ओहोटीला वाट पुन्हा मोकळी होते.